कोकणात गंजलेली जिप्सी, साताऱ्यात उभी केलेली: एक उन्हाळा आणि अख्खा पावसाळा चालवल्यावर

मारुतीची जुनी जिप्सी, म्हणजे चारही चाकांना ताकद देता येणारी जीपवजा गाडी, घेऊन तयार करायचीय असं सांगणाऱ्याचा पहिला प्रश्न हमखास टायरचा असतो आणि दुसरा लिफ्टचा, म्हणजे गाडी उंच करण्याचा. चॅसी (गाडीचा लोखंडी सांगाडा) गंजाने खालून किती खाल्लीय, हे विचारणारा मला तरी अजून भेटायचाय. आपल्याकडे या गाडीचा खरा खर्च तिथेच होतो, म्हणून सुरुवात खालूनच करतो.

गाडी आहे जिप्सी किंग, कार्बोरेटरवाली, कापडी टपाची. नवख्यांसाठी थोडक्यात: जिप्सी १९८५ च्या डिसेंबरात आली तेव्हा तिला ९७० सीसीचं इंजिन आणि चार गिअर होते. १९९६ मध्ये १२९८ सीसी आणि पाच गिअरची किंग आली, २००० मध्ये १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी पेट्रोल फवारणारं) इंजिन. माझी मधल्या काळातली आहे. आयुष्य गेलं हर्णै-दापोली पट्ट्यात, आधी एका बागायतदाराकडे आणि मग नुसतीच नारळाखाली उभी. खारी हवा, चार महिने पाऊस, वर टप फाटलेलं. इंजिन मात्र अर्ध्या सेल्फला सुरू झालं आणि सौदा तिथेच पक्का झाला.

बघायला जाताना एक मोठा स्क्रूड्रायव्हर आणि छोटी हातोडी न्यायची. जिप्सी ठरलेल्या जागी सडते. पुढच्या चाकामागे पाय ठेवायची जागा, काचेच्या फ्रेमची खालची कड, मागच्या आडव्या सीटांखालचा पत्रा, मागच्या फाळक्याचा तळ, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चॅसीचा मागचा भाग, जिथे पाट्यांचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) हँगर बसतात. चॅसी चौकोनी पोकळ नळीची आहे. चिखल आत शिरतो, निचऱ्याची भोकं बुजतात आणि लोखंड आतून खात जातं. बाहेरून रंग जसाच्या तसा. हातोडीने ठोकत गेलं की धड लोखंड खणखणतं आणि सडकं बद्द वाजतं. माझ्या गाडीत डाव्या बाजूला हँगरच्या वर स्क्रूड्रायव्हर सरळ आत गेला.

त्याहून फसवं प्रकरण म्हणजे काळा रबरी अंडरकोट. आधीच्या कुणीतरी गंजावरच तो मारून घेतला होता. लोखंडाची पट्टी घालून ओढला तर हातभर तुकडा चामड्यासारखा सोलून निघाला, आतल्या अंगाला तपकिरी पापुद्रे चिकटलेले आणि मधे चक्क ओल. कोट आणि पत्रा यांच्यात एकदा पाणी गेलं की ते बाहेर येत नाही. विकायला काढलेल्या गाडीचं पोट काळं कुळकुळीत दिसलं तर मी भाव पाडतो.

काम बॉडी वेगळी करूनच केलं. बॉडी माउंटचे बोल्ट फिरत नाहीत, गॅसने कापावे लागतात, ते वेळापत्रकात धरा. नुसती चॅसी सँडब्लास्टिंगला पाठवली. बॉडीचा पत्रा ब्लास्टिंगला द्यायचा नाही, पातळ असतो, वाळूच्या माऱ्याने लाटा येतात. बॉडीला वायर ब्रश, ग्राइंडर, वर फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर (गंज थोपवणारं द्रावण) आणि मग इपॉक्सी प्रायमर. सडलेला पत्रा कापून नवा सीओटू वेल्डिंगने जोडला. पत्राकाम करणारा मिस्त्री जाणता हवा. घाईतला माणूस सडक्या पत्र्यावर पट्टी ठोकून वर लांबी (पुटी) भरतो, दिसतं झकास, आणि दुसऱ्या पावसाळ्यात फुगे येतात. चॅसीवर तर सांधा सरळ उभा कापू द्यायचाच नाही. तिरका काप, वर लांबट प्लेट, आणि वेल्डिंग धड लोखंडापर्यंत नेलेलं. नाहीतर सगळा ताण त्या एका रेषेवर येऊन तिथेच तडा जातो. शेवटी पोकळ भागात लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (गंज रोखणारं मेण) फवारलं आणि निचऱ्याची सगळी भोकं मोकळी केली.

गावोगावी पावसाळ्याआधी जळकं ऑइल मारायची पद्धत आहे. फुकट असतं आणि थोडंफार चालतंही. पण पाट्यांचे रबरी बुश त्याने फुगतात, धूळ चिकटून थर बसतो आणि धुताना ते ऑइल ओढ्यात जातं. मी वॅक्सच वापरतो.

एकूण खर्चाचा निम्म्याहून जास्त भाग या पत्र्या-लोखंडात गेला. बाहेरून त्यातलं काही दिसत नाही. बघायला आलेले मित्र "मग नवीन काय केलंस?" असं विचारून गेले.

कागदपत्रांचं आत्ताच सांगून टाकतो. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, सोबत पर्यावरण कर. नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झाली, आणि वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ती १०,००० वर गेली. पासिंगच्या वेळी चॅसी नंबरचा पेन्सिल प्रिंट घेतात, म्हणून ब्लास्टिंगआधी त्या नंबरावर जाड टेप लावून घ्या. नंबर पुसट झाला की गाडी कितीही छान असो, कागदावर ती संशयित. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ बनावटीत बदल करू देत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा ठणकावून सांगितलंय. इंजिन बदल, मोठी लिफ्ट, लोखंडी बंपर या गोष्टी फोटोत छान दिसतात, पासिंगला आणि विम्याच्या दाव्याला नडतात.

यांत्रिक बाजू त्या मानाने सोपी. किंगचं इंजिन जी१३ घराण्यातलं, जुन्या एस्टीम मोटारीतलंही त्याच घराण्यातलं, त्यामुळे सामान मिळतं आणि कुठल्याही गावातल्या फिटरला ते कळतं. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, सगळे होज, कार्बोरेटर किट, एवढ्यावर भागलं.

डोकं खाल्लं ते पुढच्या नकलने (चाक वळवणाऱ्या सांध्याने). ॲक्सलच्या टोकाला चेंडूसारखा गोळा असतो, त्यावर चाक वळतं, आत ग्रीस भरलेलं असतं. ॲक्सलचं आतलं सील गेलं की डिफरन्शिअलचं (ॲक्सलच्या मधल्या, दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरांचं) ऑइल गोळ्यात उतरतं, ग्रीस पातळ करतं आणि चाकाच्या आतल्या बाजूने ओघळ यायला लागतात. उघडल्यावर माझ्या गाडीत ग्रीसऐवजी काळपट पेज निघाली. किंगपिनच्या (नकल ज्यावर वळते त्या खुंटीच्या) बेअरिंगमध्ये रोलरच्या जागेवर खाचा पडलेल्या. साठच्या आसपास खड्डा लागला की स्टिअरिंग हातातून सुटेल इतकं थडथडायचं, त्याचं मूळ हे. लोक यावर स्टिअरिंग डॅम्पर नवीन टाकतात आणि काही दिवस बरं वाटतं. खरा इलाज म्हणजे नवी बेअरिंग, आणि शिम (पातळ चकत्या) कमी-जास्त करून ती योग्य घट्ट बसवणं. स्प्रिंगचा काटा नकलच्या हाताला अडकवून ओढायचा आणि किती जोराला ती वळते ते बघायचं. आमच्या मिस्त्रींनी काटा नको, हाताला कळतं म्हणून हसून घेतलं, आणि मग मोजून दोन्ही बाजू सारख्या केल्या. तेव्हापासून थडथड नाही.

दुसरी जागा ट्रान्सफर केसची, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीची. जिप्सीत ती गिअरबॉक्सला चिकटलेली नसते, मधे छोटा शाफ्ट असतो आणि केस स्वतंत्र रबरांवर लटकते. ही रबरं फाटली की क्लच सोडताना खालून 'धडक' असा आवाज येतो आणि तिचा छोटा दांडा हातात नाचतो. गिअरबॉक्स गेला म्हणून घाबरवणारे भेटतील. आधी रबरं बघा, सामान स्वस्त आहे.

आता टायर. मूळ २०५/७० आर १५ च्या जागी २१५/७५ आर १५ टाकले, उठावदार नक्षीचे. बाहेरचा व्यास ६६८ मिलिमीटरवरून सुमारे ७०३ झाला. म्हणजे डिफरन्शिअलचा गोळा जमिनीपासून साधारण १७-१८ मिलिमीटर वर गेला, आणि मीटरवर साठ दिसतं तेव्हा गाडी त्रेसष्टने जात असते. पाट्यांनी किंवा शॅकलने (पाट्यांच्या टोकाच्या कड्यांनी) बॉडी कितीही उचला, तो गोळा तिथेच राहतो, आणि दगड लागतो तो गोळ्यालाच. म्हणून लिफ्ट टाळली. पाटे नवे, बुश नवे, उंची मूळचीच. गाडी जेमतेम टनाची, तिला उंच करून गुरुत्वमध्य वर न्यायचा आणि मग आडव्या उतारावर घाम फुटू द्यायचा, हा व्यवहार मला पटत नाही.

वापर कुठे, तर चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडचे कच्चे रस्ते, बामणोली-तापोळ्याकडच्या वाड्यांच्या वाटा, मित्राच्या शेतातला ओढा. सड्यावर (कातळी पठारावर) वाट सोडून गाडी घालायची नाही. त्या पातळ मातीत पावसाळ्यात जे उगवतं ते एकदा चाकाखाली गेलं की परत यायला वर्षं लागतात. कोयनेचं अभयारण्यही जवळच आहे, तिथल्या हद्दी बघूनच वाट धरायची. समुद्राच्या वाळूत तर मुळीच नाही. दर सुट्टीला कुणाची तरी गाडी भरतीत अडकते आणि वर गुन्हा दाखल होतो. गंजाच्या बाबतीत म्हणाल तर मिठाच्या पाण्यातला एक तास माझं वर्षभराचं काम पुसून टाकेल.

चिखलात जिप्सी भारी चालते, कारण ती हलकी आहे. तांबड्या निसरड्या चढावर मागच्या जड गाड्या चर पाडत बसतात, ही हवा अठरा पीएसआयपर्यंत कमी केली की दुसऱ्या गिअरमध्ये वर जाते. पुढचे हब, म्हणजे पुढची चाकं ॲक्सलला जोडणारी कुलपं, माझ्या गाडीला हाताने फिरवायचे आहेत. पावसात उतरून चिखलात वाकावं लागतं, तरी मला तेच आवडतात, कारण लागलेत की नाही ते डोळ्यांना दिसतं.

लो रेंजबद्दल (ट्रान्सफर केसच्या हळू आणि जास्त जोराच्या गिअरबद्दल) मात्र फार अपेक्षा ठेवू नका. ट्रान्सफरचं गुणोत्तर हायमध्ये १.४०९ आणि लोमध्ये २.२६८, म्हणजे लोमध्ये फरक पडतो जेमतेम एक पूर्णांक सहा पटीचा. दगडांच्या उतारावर पहिल्या गिअरमध्येही गाडी हवी त्यापेक्षा जोरात सुटते, ब्रेक लावावाच लागतो. चढावर क्लच घासायचा मोह होतो. तिरक्या खड्ड्यात पुढचं एक आणि मागचं एक चाक अधांतरी झालं की दोन्ही डिफरन्शिअल साधे, लॉक न होणारे असल्यामुळे तीच दोन चाकं गरगरत राहतात. अशा वेळी ॲक्सिलरेटर किंचित देऊन डाव्या पायाने ब्रेक हलका दाबला की बऱ्याचदा निघते, नाहीतर खाली उतरून दगड लावायचे.

ओढ्याच्या पाण्यासाठी एक स्वस्त काम करून घ्याच. तापलेला ॲक्सल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा जायच्या छोट्या भोकातून) पाणी ओढलं जातं. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर समजायचं पाणी गेलंय. दोन्ही ॲक्सलच्या ब्रीदरला रबरी नळी लावून ती वर बॉनेटपाशी नेली. पावसाळा संपल्यावर ऑइल काढून पाहिलं, स्वच्छ होतं. कार्बोरेटरवाल्या गाडीत पाण्याचा धोका आधी डिस्ट्रिब्युटरला (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाला) असतो. कॅपचं सील आणि वायरांची रबरं नवी असतील तर गुडघाभर पाण्यात अडचण येत नाही. त्यापुढे मी जात नाही.

रोजच्या वापराला? खरं सांगायचं तर हायवेवर ही गाडी शिक्षा आहे. ऐंशीच्या पुढे टप फडफडतं, टायर गुणगुणतात, मागे बसलेल्याला बोललेलं ऐकू जात नाही. पाटे नवे असल्यामुळे रिकामी गाडी स्पीडब्रेकरवर उडते. बायको पुण्याला हिच्यातून यायला तयार नाही आणि मी आग्रह करत नाही. पेट्रोल लिटरला नऊ-दहा किलोमीटर, लो रेंजमध्ये विचारू नका. आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं ई२० मिळतं. जुने पेट्रोल पाइप आणि कार्बोरेटरची रबरं त्यासाठी बनलेली नव्हती. मी सगळे पाइप इथेनॉल चालणारे टाकले, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवतो.

गंजाचा निकाल असा. चॅसीवर काही नाही, आत टॉर्च आणि छोटा कॅमेरा घालून पाहिलं, वॅक्सचा थर शाबूत आहे. पायाखालचा पत्रा कोरडा, कारण जाड फेल्ट काढून टाकून साधी रबरी मॅट ठेवली, दर रविवारी उचलून वाळवता येते. काचेच्या फ्रेमखाली मात्र डाव्या कोपऱ्यात रंगाला मुगाएवढे दोन फुगे आलेत. तिथे रबराखाली पाणी साठतं आणि ती जागा काच न काढता नीट साफच होत नाही. चिखलातून आल्यावर आधी खालून, चाकांच्या कमानीत वरच्या कडेवर पाण्याचा फवारा मारायचा, बॉनेट दुसऱ्या दिवशी चमकवलं तरी चालतं.

मिलिटरी लिलावातल्या जिप्स्याही बाजारात दिसतात. त्या कोरड्या मुलखातून आलेल्या असतील तर पत्रा बहुधा चांगला असतो, पण नोंदणीचे कागद पूर्ण झाल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि ज्याला शनिवार-रविवार फिरायचंय, गॅरेजमध्ये बसायचं नाही, त्याने सरळ मारुतीची जिम्नी घ्यावी. जून २०२३ पासून पाच दारांची मिळते, स्प्रिंगवर चालते, एसी आहे.

माझ्याकडे दिवाळीनंतरची कामं ठरलीत: काच काढून फ्रेमचा तो कोपरा, मागच्या फाळक्याचं नवं रबर, आणि पुढच्या नकलचं ग्रीस उघडून एकदा बघायचं. मिस्त्रींची वेळ घेऊन ठेवलीय.