पोटाची चरबी: कार्डिओ की वजनं?

कार्डिओ, म्हणजे धावणं, भरभर चालणं असा दम लागणारा व्यायाम, केलाच पाहिजे का? नाही. रोज लागते त्यापेक्षा कमी ऊर्जा पोटात गेली की चरबी उतरते, मग तुम्ही धावा किंवा धावू नका. फक्त ती आधी कुठून उतरेल हे शरीर ठरवतं. शंभर क्रंचेस मारूनही पोटाचीच चरबी जळत नाही.

तरी कार्डिओला मोडीत काढू नका. आतड्यांभोवती साठणारी, मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढवणारी चरबी नियमित कार्डिओने चांगली कमी होते. कधीकधी वजनकाटा हलतही नाही, पण पट्ट्याचं एक भोक आत जातं. अडचण हिशोबाची आहे. अर्धा तास झपाझप चालून साधारण 150 कॅलरी जळतात, तर एक किलो चरबीत सुमारे 7,700 असतात. वरून भूक खवळली की कमावलेलं दोन घासांत परत.

वजनं उचलताना कॅलरी कमीच जळतात. पण खाणं कमी केल्यावर चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि ते वाचवायला स्क्वॅट (वजन घेऊन उठाबशा), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणं) यांसारखे व्यायामच लागतात. (प्रथिनंही पुरेशी हवीतच.)

वेळ अगदीच कमी असेल तर मी आठवड्यातून दोनदा वजनं उचलेन आणि उरलेले दिवस भरभर चालेन. गुडघे दुखत असतील तर सायकल किंवा पोहणं.