युफोर्बिया घ्या, पण ‘येशूच्या मुकुटाचं झाड’ म्हणून नको

बेळगावात खानापूर रोडवरच्या एका नर्सरीतून दोन वर्षांत मी युफोर्बियाची, म्हणजे काटेरी खोडाच्या लाल शोभेच्या झाडाची, तीन रोपं आणली. दोन छान फुलतायत, एक पहिल्याच पावसाळ्यात कुजलं.

पहिलं रोप आणलं ते शेजारच्या आंटींसाठी. आंटी मूळच्या कॅम्पातल्या, घरात कोकणी, आमच्याशी मराठी. गुड फ्रायडे जवळ आला होता. नर्सरीत एका कुंडीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली दिसली. वर कानडीत ‘मुळ्ळिन किरीट’ म्हणजे काट्यांचा मुकुट, खाली मराठीत ‘येशूच्या मुकुटाचं झाड’. मालक म्हणाला, “टीचर, बायबलातलं झाड हेच ओ.” मी विश्वास ठेवला. १२० रुपये दिले आणि टिळकवाडीपर्यंत रिक्षात मांडीवर धरून आणलं.

आंटींनी कुंडी खिडकीत ठेवली आणि मोबाइलवर एक फोटो दाखवला. येशूच्या डोक्यावर घातला असं मानतात तो काट्यांचा मुकुट, पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये जपलेला. १५ एप्रिल २०१९ ला तिथं आग लागली, तेव्हा तो वाचवून बाहेर काढला, त्या रात्री आंटी टीव्हीपुढून हलल्या नव्हत्या. फोटो मोठा करून त्या म्हणाल्या, “बघा बाई, ह्यात काटा एक पण नाही.”

खरंच नव्हता. जे आहे ते लव्हाळ्यासारख्या गवताचं सोन्याच्या तारेनं बांधलेलं कडं, सुमारे २१ सेंटिमीटर रुंद. फ्रान्सचा राजा नववा लुई याने ते कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाकडून मिळवलं. सम्राटानं ते कर्जापोटी व्हेनिसच्या सावकारांकडे गहाण टाकलं होतं, ते कर्ज लुईनं फेडलं. १२३९ मध्ये कडं पॅरिसला पोचलं. त्यासाठी बांधलेलं सेंट शापेल हे प्रार्थनामंदिर १२४८ मध्ये पूर्ण झालं. काटे मात्र एकेक करून राजांना, चर्चांना भेट म्हणून वाटले गेले. डिसेंबर २०२४ मध्ये ते कडं पुन्हा नोत्र दाममध्ये आलं, तेव्हा आंटींनी मला हाक मारून बोलावलं होतं.

मग ते काटे कुठल्या झाडाचे मानतात? परंपरेत दोन-तीन झाडांची नावं घेतात. त्यातलं एक ऐकून मी चमकले, कारण ते आपल्या बोरीचं सख्खं भावंड आहे. शास्त्रीय नाव झिझिफस स्पायना-क्रिस्टी, म्हणजे ‘ख्रिस्ताचा काटा’. पॅलेस्टाइनकडे ते आजही उगवतं. आमच्या खानापूर तालुक्यातल्या गावी शेताच्या बांधावर बोरी होत्या. बोरीचे काटे जोडीनं येतात, एक सरळ, दुसरा आकड्यासारखा वाकडा. सरळ टोचतो आणि वाकडा धरून ठेवतो. परकर अडकला की ओढायचा नाही, मागं सरकून सोडवायचा, हे आईनं शिकवलेलं. बोरीची कोवळी फांदी बारीक, लवचीक असते, वाकवली की वाकते. बायबलात काट्यांचा मुगुट ‘गुंफला’ असं आहे, ते मला पहिल्यांदा डोळ्यांपुढं आलं.

युफोर्बिया मिली मादागास्करचं. १८२१ च्या सुमारास मिलियस नावाच्या फ्रेंच गव्हर्नरनं ते फ्रान्सला नेलं, म्हणून ‘मिली’. येशूच्या काळी जेरुसलेमात ते असणं शक्य नाही. फांदी जाड झाली की वाकवताना मोडते आणि पांढरा चीक गळतो. रक्तासारखा लाल रंग बघून लोकांनी नाव जोडलं असावं, असं मला वाटतं. तो लाल रंगही फुलाचा नाही, फुलाखालच्या पानांचा. खरं फूल मधे, मोहरीएवढं.

एवढं कळल्यावर आंटी नाराज होतील असं वाटलं होतं. त्यांनी रोप हलवलं नाही. “काटा बघून आठवण होते ना, बस,” म्हणाल्या. मला मात्र ती चिठ्ठी खुपते. श्रद्धेनं घेणाऱ्या माणसाला खोटी ओळख सांगून वस्तू विकू नये. मी मालकाला तसं सांगितलं, त्यानं ऐकून घेतलं. पण गेल्या आठवड्यात चिठ्ठी तिथंच होती.

रोप म्हणून मात्र उत्तम. सकाळपासून दुपारपर्यंत ऊन मिळालं तर आमच्याकडं वर्षाचे आठ-नऊ महिने रंग असतो. एप्रिल-मेमध्ये चार दिवस पाणी चुकलं तरी तक्रार नाही. खरी अडचण बेळगावचा पाऊस. नर्सरीवाले कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरून देतात, ते जून-जुलैत ओलं राहतं आणि मूळ सडतं. माझं एक त्यानंच गेलं. आणल्या आणल्या कुंडी बदला, निम्मी लाल माती, निम्मा मुरूम आणि जाड वाळू, आणि मृगापासून कुंडी पागोळीच्या आत. फांदी लावायची असेल तर कापल्यावर चीक धुवून दोन-तीन दिवस सावलीत सुकवा, मग लावा. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, फार आग होते. लहान मुलं असतील तर कुंडी उंचावर ठेवा.

मोठ्या पाकळ्यांचं थाई जातीचं रोप तिथं ३५० ला आहे. मी लहान लालच घेते, ते चिवट असतं. घ्यायचं तर दिवाळीनंतर जा, तेव्हा पावसात टिकलेली रोपंच उरलेली असतात.