कोपीवेच्या नावाखाली आलेलं खुळखुळतं पाकीट

४० बियांचे ३६ डॉलर, टपालाचे १४. ५० डॉलर गेले आणि अडीच महिने वाया गेले. निदान तुम्ही तरी फसू नका.

कोपीवे, म्हणजे लापाजेरिया रोझिया, हे चिलीचं राष्ट्रीय फूल. दक्षिण चिलीच्या थंड, ओल्या जंगलात झाडांवर दहा मीटरपर्यंत चढणारी सदाहरित वेल. घंटेसारखी मेणचट फुलं लाल, गुलाबी किंवा पांढरी. निळी कोपीवे नसतेच, निळा फोटो दिसला की तिथूनच मागे फिरा. माझ्या विक्रेत्याचा फोटो लाल फुलाचा होता, पानांवरच्या समांतर शिरासुद्धा बरोबर होत्या. शंका कशाची घेणार?

शंका घ्यायची होती ती पाकीट हातात आलं तेव्हा. ते खुळखुळलं! आत कोरड्याठक्क बिया. कोपीवेचं बी टोमॅटोच्या बीएवढं, गराने वेढलेलं. ते ओल्या मॉसमध्येच (शेवाळात) पाठवावं लागतं, वाळलं की उगवण फारच घटते. हे मला पाठ होतं. तरी ‘चार तरी रुजतील’ म्हणून पेरल्या. त्याच दिवशी फोटो काढून तक्रार करायला हवी होती.

पेरणीत कसूर नव्हती. दोन भाग पाइनची साल, एक भाग पानांचं खत, एक भाग परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खनिज दाणे); चुना अजिबात नाही. पाणी पावसाचं, कारण जड, म्हणजे क्षारांच्या पाण्याने पानं पिवळी पडतात. सावली, १५ अंशांच्या आसपास. ताजं बी असं १ ते ३ महिन्यांत रुजतं. ४१व्या दिवशी दोन अंकुर आले, टोकाला पाकिटातल्या बियांचंच टरफल टोपीसारखं चिकटलेलं. टरफल गळलं आणि खाली दोन दलं उघडली. कोपीवे एकदल आहे, म्हणजे तिच्या बीत दल एकच; ही भलतीच कसली तरी झाडं! उरलेल्या ३८ बिया ७५व्या दिवशी उकरून नखाने दाबल्या, आत नुसता भुसा.

बिया जिथून मागवल्या ते संकेतस्थळ म्हणतं, तक्रारीची मुदत ३० दिवस. उगवायला ९० दिवस लागू शकणाऱ्या बीला ३० दिवसांची मुदत कोणी ठरवली? कार्डवाले विचारतात, ‘पार्सल पोहोचलं ना?’ पोलिसांच्या लेखी रक्कम किरकोळ. पाकिटावर ‘शोभेची वस्तू’ लिहिलेलं, फायटोसॅनिटरी (रोग-किडी नसल्याचं) प्रमाणपत्र नाही. पाकीट दाखवल्यावर वनस्पती संगरोध कार्यालयाने (बाहेरून येणारी रोपं-बिया तपासणाऱ्या) उलट मलाच विचारलं, मागवलंच का? विक्रेत्याला मात्र कोणी एक प्रश्न केला नाही.

‘पहिल्याच वर्षी फुलं’ म्हणणारा खोटं बोलतो, बीपासून फुलायला ३ ते १० वर्षं लागतात. नाव असलेल्या वाणाचं बी विकत असेल तर तेही घेऊ नका. बीतून तो वाण जसाच्या तसा येत नाही, त्यासाठी दाबकलमाचं (फांदी मातीत दाबून मुळं फुटवलेलं) रोप लागतं. रोप घेतलंत तर कुंडी बदलताना मुळांचा गोळा फोडू नका, आणि जमिनीतून येणाऱ्या नव्या कोंबाभोवती प्लॅस्टिकच्या बाटलीचं कापलेलं कडं लावा, गोगलगायी एका रात्रीत तो खातात. पैसे भरण्याआधी मॉसमधल्या बियांचा त्या दिवशीचा फोटो मागा, फळ कधी फोडलं तेही विचारा. टाळाटाळ झाली तर व्यवहार तिथेच सोडा.