होलीरूडची संसद : प्रवेश विनामूल्य, पण वेळ काढून पाहावी

एडिंबरोच्या रॉयल माइल या रस्त्याच्या खालच्या टोकाला, होलीरूड भागात असलेली स्कॉटिश संसद पाहण्यास शुल्क नाही. विमानतळासारखी सुरक्षा तपासणी तेवढी सोसावी लागते. १९९७च्या सार्वमतानंतर १९९९मध्ये निवडून आलेल्या या संसदेचे १२९ सदस्य अर्धवर्तुळाकार सभागृहात बसतात, आणि वेस्टमिन्स्टरच्या, म्हणजे लंडनमधील ब्रिटिश संसदेच्या, समोरासमोरच्या बाकांहून आपली रीत निराळी आहे, हे ती मांडणीच सांगते. शिक्षण व आरोग्याचे निर्णय इथे होतात. संरक्षण आणि परराष्ट्र धोरण मात्र लंडनकडे आहे. २००४मध्ये खुल्या झालेल्या या वास्तूवर सुमारे ४१ कोटी पौंड खर्च झाले (मूळ अंदाजाच्या कितीतरी पट; तो करणाऱ्यांचे कौतुकच!). तरीही कॅननगेट रस्त्याच्या बाजूच्या भिंतीतील दगडांवर इंग्रजीबरोबरच स्कॉट्स आणि गेलिक भाषांतील कोरीव वचने पाहताना तो आकडा मला फारसा खटकला नाही.