लिबरल आर्ट्सच्या पदवीसाठी साडेसात लाखांचे शैक्षणिक कर्ज : चौदा हप्त्यांनंतरचा अनुभव

माझ्या शैक्षणिक कर्जाचा चौदावा हप्ता गेल्या महिन्यात भरून झाला. पदवी लिबरल आर्ट्सची, मुख्य विषय अर्थशास्त्र आणि जोडीला समाजशास्त्र. विद्यापीठ पुण्यातले, खासगी. कर्ज साडेसात लाखांचे, व्याजदर १०.५ टक्के. माझे गाव अंबाजोगाईजवळ आहे आणि अकरावी-बारावी मी लातूरला विज्ञान शाखेतून केली. तिथे बारावीनंतर नीट आणि जेईईखेरीज तिसरे काही असते, हे सहसा कोणी धरूनच चालत नाही. म्हणून ही तिसरी वाट धरू पाहणाऱ्यांसाठी हा अनुभव आकड्यांसह लिहीत आहे.

२०२० पासून तीन वर्षे दरवर्षी अडीच लाख याप्रमाणे कर्ज उचलले. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यापुढे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही, हे बँकेच्या शाखेत सवलत म्हणून सांगितले जाते आणि ती सवलत आहेही. परंतु त्या काळात सरळव्याज चालूच असते. पहिल्या अडीच लाखांवर चार वर्षांचे, दुसऱ्यावर तीन आणि तिसऱ्यावर दोन वर्षांचे, असे मिळून २,३६,२५० रुपये व्याज साठले आणि परतफेड सुरू झाली त्या दिवशी माझ्या नावावर ९,८६,२५० रुपये होते. पंधरा वर्षांच्या मुदतीने हप्ता १०,९०२ रुपये बसला. चौदा हप्त्यांत १,५२,६२८ रुपये भरल्यावर खातेउतारा काढला, तर मुद्दल कमी झाले होते सुमारे ३३,७०० रुपयांनी, बाकी सारे व्याजात गेले होते. मी तो उतारा दोनदा तपासला. चूक कुठेही नव्हती.

अप्पांनी हाच हप्ता सोयाबीनमध्ये मोजला. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, म्हणजे एक हप्ता सव्वादोन क्विंटलच्या आसपास आणि वर्षाचे हप्ते जवळजवळ सत्तावीस क्विंटल. आमच्या रानात एकरी पाच-सहा क्विंटलांचा उतारा पडतो. तेव्हा पाच एकरांचे पीक, बियाणे, फवारणी आणि मजुरी न वजा करता, केवळ माझ्या हप्त्यांना लागले असते. (आणि बाजारात हमीभाव मिळाला तर, हे अप्पांनी लगेच पुढे जोडले.)

ज्या योजनांच्या भरवशावर आम्ही होतो, त्यांचा उपयोग फारसा झाला नाही. साडेचार लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांसाठी केंद्राची व्याज अनुदान योजना होती, पण ती तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरती. आमचे उत्पन्न त्या मर्यादेत बसत होते, पदवी बसत नव्हती. आयकराच्या कलम ८०ई खाली व्याजाची वजावट आठ वर्षे मिळते, तीही जुन्या करप्रणालीत. माझ्या पगारावर मुळात करच लागत नाही, त्यामुळे वजावट कशातून घ्यायची हा प्रश्नच उद्भवत नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण आणि तिऱ्हाईताचा जामीन न घेता केंद्राच्या पतहमी निधीचे (कर्ज थकल्यास बँकेला भरपाईची हमी देणाऱ्या निधीचे) संरक्षण मिळू शकते, हे मला फार उशिरा कळले. आमच्या शाखेने जामीनदार मागितला आणि मामांनी सही केली. आता एखादा हप्ता लांबण्याची वेळ आली, की पहिली धास्ती बँकेची नसते, मामांना फोन जाईल याची असते.

आता कमाईची बाजू. पहिली नोकरी पुण्यातील एका संशोधन संस्थेत २२,००० रुपयांवर लागली. खोलीचे भाडे आणि मेस मिळून ११,००० जात. हप्ता सुरू झाला असता तर हातात काहीच उरले नसते, सुदैवाने तेव्हा सवलतीचे वर्ष चालू होते. पुढे बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबांच्या मुलाखतींचे काम आले. मुलाखतींच्या ध्वनिमुद्रणात ‘कोयता’ हा शब्द वारंवार येत होता आणि सोबतच्या सहकाऱ्याने तो हत्यार समजून तक्त्यात भरला होता. तिकडे कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी आणि उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, त्या जोडीवर मिळते, हे मला घरूनच ठाऊक होते. त्या नोंदी मी पुन्हा लावल्या, उचलीच्या रकमांचे तक्ते संख्याशास्त्राच्या पद्धतीने मांडले, आणि वर्षअखेरीस पगार ३१,००० झाला. प्रश्नावली तयार करणे, आकडे तपासणे आणि नीट लिहिणे मी त्या पदवीतच शिकले, यात मला शंका नाही. तरीही हप्ता पगाराच्या पस्तीस टक्के आहे, आणि हे प्रमाण जास्तच आहे.

‘बी.ए.च करायचे होते तर इथे काय वाईट होते?’ हा प्रश्न मला दर दिवाळीत विचारला जातो. चुलतबहिणीने अनुदानित महाविद्यालयात बी.ए. केले, तिन्ही वर्षांची फी माझ्या एका महिन्याच्या हप्त्यात बसावी इतकी, नंतर बी.एड. करून ती तासिका तत्त्वावर शिकवते. तिची मिळकत माझ्या निम्म्याहून कमी आहे. पण माझ्या पगारातून हप्ता आणि पुण्याचा खर्च वजा केला, तर महिनाअखेरीस शिल्लक तिचीच जास्त असते. पाच वर्षांनी हे चित्र बदलेल असे मला वाटते, कारण माझा पगार वाढेल आणि हप्ता तोच राहील.

पुन्हा वेळ आली तर मी हीच पदवी घेईन. साडेसात लाख मात्र उचलणार नाही. चार लाखांपर्यंत तारण आणि जामीनदार दोन्ही लागत नाहीत. तेवढ्यात भागेल असे विद्यापीठ शोधेन, किंवा पहिली दोन वर्षे राहण्याचा खर्च आणखी आवळेन. शिकतानाच व्याज भरत गेले असते तर पहिल्या वर्षी महिन्याला साधारण २,२०० रुपये लागले असते, आणि असे व्याज भरणाऱ्यांना बँका दरात एक टक्क्यापर्यंत सूट देऊ शकतात. प्रवेशाच्या वेळी आम्हाला दाखवलेले सरासरी पॅकेज संपूर्ण विद्यापीठाचे होते, त्यात व्यवस्थापन आणि संगणक शाखेचे विद्यार्थीही धरलेले होते. कला शाखेच्या तुकडीतील मधला पगार किती, हे आम्ही विचारलेच नाही.

या महिन्यापासून मी हप्त्यापेक्षा २,००० रुपये जास्त भरू लागले आहे. त्यामुळे उरलेले १६६ हप्ते १२० च्या आसपास येतात. पहिल्याच वेळी ती जास्तीची रक्कम मुद्दलात न जाता पुढच्या हप्त्यापोटी आगाऊ धरली गेली होती. शाखेत लेखी अर्ज दिला, पोच घेतली आणि आठ दिवसांनी उताऱ्यात दुरुस्ती दिसली.