नदीकाठच्या घरातील ओल : चुन्याचा गिलावा, जोत्यातील इंजेक्शन आणि गच्चीवरील थर यांचा 16 महिन्यांचा अनुभव

आमचे घर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, पंचगंगा घाटाकडे उतरणाऱ्या एका बोळात आहे. तळमजला आजेसासऱ्यांनी बांधलेला. त्याची पुढची भिंत काळ्या दगडाची, बाकीच्या 14 इंची विटांच्या, आणि त्यावर पुढे कधीतरी चढवलेला स्लॅबचा मजला. राजाराम बंधाऱ्यापाशी 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी, हे आकडे आमच्या घरात लहान मुलांनाही पाठ आहेत. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैमध्ये नदी 55 फुटांच्या वर गेली, तेव्हा दोन्ही वेळा माजघरात कमरेइतके पाणी होते. पूर ओसरल्यावर गाळ आठवड्याभरात निघाला, पण ओल निघाली नाही. त्या ओलीवर गेल्या वर्षी मार्च ते मे या काळात जे काम करून घेतले, त्याला आता 16 महिने झाले. एक अख्खा पावसाळा आणि दुसऱ्याचे पहिले दोन महिने पाहून मी हे लिहीत आहे.

आधी झालेली चूक सांगणे आवश्यक आहे, कारण ती अनेक घरांत होताना मला दिसते. 2021 च्या पुरानंतर आम्ही एका ठेकेदाराच्या सल्ल्याने तळमजल्याचा जुना गिलावा काढून वॉटरप्रूफिंगचे रसायन घातलेला सिमेंटचा गिलावा केला आणि माजघरात त्यावर थर्मोकोलचे ताव लावून पीव्हीसीचे पॅनेल बसवले. पहिले वर्ष भिंती कोरड्या दिसल्या, त्यामुळे खर्च कारणी लागला असे वाटले. तिसऱ्या पावसाळ्यात सासूबाईंच्या गोधड्यांना कुबट वास येऊ लागला, चार-चार दिवस उन्हात घालूनही तो जाईना, आणि पॅनेलच्या वरच्या पट्टीच्याही वर, म्हणजे जमिनीपासून साडेपाच फुटांवर, रंगाला फुगे आले. पूर्वी याच भिंतीची ओल मांडीच्या वर कधी चढली नव्हती.

पॅनेल काढताना मी शेजारी उभी होते. पहिली पट्टी निघाली तेव्हा थर्मोकोलच्या मागच्या अंगाला मोहरीएवढे काळे ठिपके दाटीने उठलेले दिसले आणि दोन तावांच्या सांध्यात बोट घातले तर ते ओले होऊन आले. गवंडीकाका थापीच्या मुठीने गिलावा ठोकत भिंतीच्या कडेने एक फेरी मारून आले. जिथे गिलाव्याने भिंत सोडली होती तिथे बद्द असा पोकळ आवाज येत होता. ते म्हणाले, "वहिनी, ओल खालनं येत्या आणि तुम्ही ती म्होरनं झाकलीसा. तिनं जायाचं कुठं? वरच चढणार की."

त्यांचे म्हणणे शब्दशः खरे आहे. विटेत आणि दरजेतल्या मसाल्यात केसाहून बारीक छिद्रे असतात आणि पायातले पाणी त्यांतून, वातीत तेल चढावे तसे, वर चढते. वाटेत त्याची वाफ होऊन जेवढे पाणी निघून जाते, तेवढी त्याची चढण कमी होते. पृष्ठभाग घट्ट बंद केला तर पाणी मोकळी जागा मिळेपर्यंत वर जात राहते. शिवाय हे पाणी मातीतले क्षार बरोबर आणते. पाणी उडून गेले तरी क्षार मागे राहतात आणि त्यांचे स्फटिक वाढताना गिलावा आतून ढकलतात. लोणा लागतो तो असा. साधे मीठसुद्धा हवेतील आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की हवेतले पाणी ओढून पाझरू लागते, हे पावसाळ्यात मिठाच्या बरणीत आपण सगळेच पाहतो. म्हणून क्षार भरलेली भिंत पायातून पाणी येणे थांबल्यावरही जुलैमध्ये ओलसर लागते. हे मला उशिरा कळले आणि कळल्यावर जुना गिलावा पूर्ण खरवडून फेकण्याचा खर्च मी मुकाट्याने मान्य केला.

कामाची सुरुवात घराबाहेरून केली, आणि पैशाच्या हिशेबाने पाहिले तर सर्वांत अधिक गुण याच भागाला द्यावा लागेल. बोळाच्या रस्त्यावर दर काही वर्षांनी नवा थर चढत गेल्यामुळे आमचे जोते रस्त्याच्या जवळजवळ बरोबरीला आले होते, आणि गच्चीचा पाइप थेट भिंतीच्या पायथ्याशी मोकळा सोडलेला होता. म्हणजे पावसाचे सगळे पाणी आम्हीच पायाला पाजत होतो. भिंतीला चिकटून केलेला सिमेंटचा कोबा फोडला, दीड फूट रुंद चर खणून त्यात खडी भरली, तळाशी छिद्रांचा पाइप उताराने गटारापर्यंत नेला आणि गच्चीचा पाइपही पुढे वाढवला. या साध्या कामाचा परिणाम पहिल्याच पावसाळ्यात दिसला, आणि पुन्हा करायची वेळ आली तर मी एवढेच करून एक वर्ष थांबेन व मगच पुढचा खर्च ठरवीन.

दुसरा भाग इंजेक्शनचा. जोत्याच्या पातळीवर, विटांच्या आडव्या दरजेत, सुमारे 12 सेंटिमीटर अंतराने 12 मिलिमीटर व्यासाची छिद्रे पाडून त्यांत सिलेन-सिलॉक्झेन जातीचे मलम बंदुकीने भरतात. ते मसाल्यात पसरते आणि त्यातली केसाहून बारीक छिद्रे बुजवण्याऐवजी त्यांच्या आतल्या कडा पाणी न धरणाऱ्या करते. काम दोन दिवसांत झाले; धूळ मात्र पंधरा दिवस निघत होती. हे करून घेणाऱ्याने दुसऱ्याच महिन्यात भिंत कोरडी होण्याची अपेक्षा ठेवू नये. जाड भिंत सुकण्याचा ढोबळ हिशेब महिन्याला एक इंच असा धरतात, त्यामुळे 14 इंची भिंतीला वर्षाच्या वर वेळ लागणार हे उघड आहे. आमच्या मागच्या विटांच्या भिंतीवरची ओलीची रेघ मी पेन्सिलीने आखून ठेवली होती. पहिल्या दिवाळीपर्यंत ती जेमतेम हातभर खाली आली आणि या मे महिन्यात जोत्यापासून चार बोटांवर होती. दगडी भिंतीत मात्र हा उपाय अर्धवटच लागू पडला. बेसॉल्ट स्वतः फारसे पाणी ओढत नाही, पण दोन बाजूंच्या दगडांमधला भराव, म्हणजे चिपा, माती आणि चुना, एकसारखा नसतो आणि मलम त्यात सर्वत्र पोहोचत नाही. दगडी भिंतीसाठी हा खर्च करावा असे मी कुणाला सांगणार नाही.

आता चुन्याचा गिलावा. या कामाबद्दल मला मनापासून आस्था वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. चुना महिनाभर पाण्यात मुरवला, एक भाग चुन्याला तीन भाग धुतलेली वाळू आणि त्यातला काही वाटा सुरखीचा, असे मिश्रण धरले. सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी, घातली की चुना ओलसर जागीही घट्ट होतो. नुसता चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश आवळतो. तीन हात मिळून जाडी साधारण 20 मिलिमीटर झाली आणि प्रत्येक हातानंतर गोणपाट लावून दिवसातून तीनदा पाणी शिंपडावे लागले. ओल घालवायची म्हणून केलेल्या गिलाव्यावर रोज पाणी मारायचे, हे सासूबाईंना पटेना. मात्र एप्रिलच्या उन्हात एक दिवस हयगय झाली तेव्हा दाराशेजारच्या पट्ट्यात केसासारख्या भेगा पडल्या आणि तो भाग पुन्हा करावा लागला. वर ऑइल पेंट किंवा प्लॅस्टिक इमल्शन न देता चुन्याचीच सफेदी दिली. खर्च सिमेंटच्या गिलाव्याच्या जवळपास दुप्पट आला, कारण मजुरी वाढते आणि हे काम येणारे गवंडी आता थोडे उरले आहेत.

असा गिलावा ओल थांबवत नाही, हे नीट समजून घ्यावे. तो तिला बाहेर पडू देतो आणि क्षार स्वतःच्या अंगावर घेतो, म्हणजे विटा वाचतात. गेल्या जुलैत भिंतीवर हाताएवढे गडद डाग दिसले तेव्हा मी घाबरले होते. ऑक्टोबरच्या उन्हात ते आपोआप गेले, पोपडा एकही सुटला नाही. तोटेही आहेत. सफेदी कपड्यांना लागते, कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ठेवावे लागते आणि खिळा ठोकायचा तर जपून ठोकावा लागतो.

हवेतल्या दमटपणाचा प्रश्न वेगळा आहे. पावसाळ्यात खिडक्या उघडल्या की घर सुकते ही समजूत आम्हीही बाळगून होतो, परंतु बाहेरचीच हवा 90 टक्क्यांवर असेल तर ती आत घेऊन काय सुकणार? माजघरात आर्द्रतामापक लावल्यावर कळले की कामापूर्वी जुलैत काटा 88 च्या खाली येत नव्हता आणि कामानंतर तो 76 ते 78 वर स्थिरावला. पृष्ठभागाशी 80 टक्क्यांच्या वर आर्द्रता दीर्घकाळ टिकली की बुरशी धरते, त्यामुळे हा फरक मोलाचा आहे. सासूबाईंच्या खोलीत त्यांच्या दम्यासाठी डिह्युमिडिफायरही घेतला. तो रात्री आठ तास चालवला की काटा 62 पर्यंत येतो, सकाळी टाकीत तीन-साडेतीन लिटर पाणी असते आणि 350 वॅटच्या यंत्राला दिवसाला पावणेतीन युनिट वीज लागते. गोधड्यांचा वास गेला, हे मी मोठे यश समजते. मात्र यंत्र खोलीतली हवा अंश-दोन अंशांनी तापवते, आणि भिंती ओल्या असताना ते लावणे म्हणजे गळक्या हौदातून तांब्याने पाणी उपसणे आहे.

गच्चीबद्दल थोडक्यात. जुना कोबा काढून जलरोधक थर दिला, त्यावर 50 मिलिमीटर जाडीचे एक्सपीएस फोमचे, म्हणजे बंद छिद्रांच्या दाट पॉलिस्टायरीनचे, ताव अंथरले आणि वर पांढऱ्या चायना मोझॅइकचा कोबा केला. जलरोधक थर फोमच्या खाली असल्यामुळे त्याला ऊन लागत नाही आणि तो टिकतो. तेवढ्या फोमइतका उष्णतारोध नुसत्या काँक्रीटने मिळवायचा तर स्लॅब अडीच मीटरच्या आसपास जाड करावा लागेल. पूर्वी एप्रिलमध्ये रात्री अकरा वाजताही छताची धग जाणवत असे. या उन्हाळ्यात वरची मुले पंख्यावर झोपली. इथे बंद छिद्रांचा फोम घेणे महत्त्वाचे आहे, कारण उष्णता अडवते ती आत कोंडलेली स्थिर हवा, आणि तिची जागा पाण्याने घेतली तर पाणी त्या हवेच्या वीसपटीहून अधिक उष्णता वाहून नेते.

माझ्या नणंदेचे घर मालवणला खाडीकाठी आहे आणि तिच्यासाठीच मुख्यतः हे सगळे टिपून ठेवले होते. तिथे जांभ्याच्या भिंती, खारा वारा आणि नैऋत्येकडून आडवी येणारी झड, असा तिहेरी मारा असतो. तिने एसीच्या खोलीत आतून व्हिनाइलचा वॉलपेपर लावला होता आणि वर्षात त्याच्यामागे गुलाबी-काळी बुरशी धरली. बाहेरची दमट, गरम हवा भिंतीतून थंड खोलीकडे सरकते आणि वाटेत गार, बंद पृष्ठभाग भेटला की तिथेच तिचे पाणी होते. थंड देशांत वाफ अडवणारा पडदा भिंतीच्या आतल्या बाजूला लावतात. आपल्या किनाऱ्यावर तो लावायचाच तर बाहेरच्या अंगाला हवा, आणि आतली बाजू मोकळी. तिने वॉलपेपर काढला, आत चुना दिला, पश्चिमेच्या भिंतीवर पडवीचे छप्पर तीन फूट पुढे ओढले आणि एसी 26 अंशांच्या खाली न नेण्याचा नियम केला. जुन्या घरांना उतरती कौले, रुंद वळचणी आणि पावसाळ्यापुरते झावळ्यांचे झाप का असत, हे ती आता स्वतः शेजाऱ्यांना सांगते.

आमच्याकडे दगडी भिंतीचा ईशान्य कोपरा अजून पुरता सुधारलेला नाही. तिथे दर महिन्याला पिठासारखा लोणा येतो. तो ओल्या फडक्याने पुसला तर विरघळून पुन्हा भिंतीत जातो, म्हणून मी कोरड्या कुंचल्याने खाली धरलेल्या वर्तमानपत्रावर तो झाडून घेते आणि बाहेर टाकते. मार्चमध्ये मूठभर निघायचा, या महिन्यात दोन चमचे निघाला.