एशियाटिकची व्याख्यानं आणि जुन्या पुस्तकांची पानं : चिपळुणात बसून घेतलेला अनुभव

परवा इंटरनेट कंपनीने बंद दिवसांचे पैसे अखेर बिलातून वजा केले, म्हणून आता शांतपणे लिहायला बसले आहे. या अनुभवाची खरी सुरुवात त्या बंद पडलेल्या लाइनपासूनच झाली. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचं व्याख्यान थेट ऐकत होते, विषय मुंबईजवळच्या सोपाऱ्याचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा, बौद्ध स्तूप, आणि वक्ते नेमके स्तूपातली दगडी पेटी उघडण्यापर्यंत आले होते. तेवढ्यात राउटरचा दिवा लाल झाला. ऐन जुलै, बाहेर धो धो पाऊस. तक्रार नोंदवली. दुसऱ्या दिवशी ‘तुमची तक्रार सोडवली आहे’ असा मेसेज आला आणि दिवा लालच. पुन्हा फोन, पुन्हा तोच मेसेज. शेवटी माणूस आला तो म्हणाला, वायर कुरतडली आहे, नवीन वायरचे पैसे पडतील. खांबापासून घरापर्यंतची वायर कंपनीची, तिचे पैसे मी का देऊ? दिले नाहीत. वायर बदलून घेतली आणि बंद दिवसांचे पैसेही कापून घेतले. त्याला महिने लागले, पण घेतले.

एशियाटिक म्हणजे काय, हे इथे वाचणाऱ्यांना सांगायची गरज नाही. १८०४ साली जेम्स मॅकिंटॉशने स्थापन केलेली सभा, तिचं ग्रंथालय जिथे आहे तो १८३३ साली पुरा झालेला टाउन हॉल, त्याच्या त्या तीस पायऱ्या, इटालियन कवी दान्तेच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ची हस्तलिखित प्रत, या गोष्टी वर्तमानपत्रांत वरचेवर येतात. मी लिहिणार आहे ते चिपळुणात बसून हे ग्रंथालय कितपत वापरता येतं याबद्दल.

मी घरी कोकम, आगळ, मेतकूट करून विकते. संध्याकाळचा वेळ बाटल्या भरणं आणि लेबलं लावणं यात जातो. हात गुंतलेले, कान मोकळे. मोबाइल फळीवर ठेवते आणि ऐकते. सासरे, अण्णा, शेजारी आरामखुर्चीत असतात. त्यांना आता पडद्यावरची अक्षरं दिसत नाहीत, पण ऐकू उत्तम येतं. थोडक्यात, आमच्या घरी व्याख्यान बघत कोणीच नाही, दोघंही ऐकतो. पुढे मी आवाजाबद्दल जे लांबण लावणार आहे, त्याचं कारण हे आहे.

लाइन गेली तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं. व्याख्यान वेळेवर, सगळ्यांबरोबर ऐकलं तरच खरं, रेकॉर्डिंग म्हणजे उष्टं, असं तोवर माझं ठाम मत होतं. लाइन आल्यावर यूट्यूबवर रेकॉर्डिंग लावलं, आणि मत बदललं. थेट ऐकताना वक्ता पुढे जातो, आपण मागे राहतो. रेकॉर्डिंगमध्ये अण्णा म्हणतात, “अगं, जरा मागे घे, ते नाव काय म्हणाला?” आणि मी मागे घेते. नाव वहीत लिहिते. मग ते नाव शोधते.

सोपाऱ्याचंच घ्या. १८८२ साली पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप खणला. लोक त्या टेकाडाला बुरूड राजाचा कोट म्हणायचे. आत विटांच्या चौथऱ्यात मोठी दगडी पेटी, तिच्यात तांब्याचा करंडक म्हणजे झाकणाची डबी, त्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सगळ्यांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात बुद्धांच्या मानल्या गेलेल्या भिक्षापात्राचे तुकडे, आणि तांब्याच्या करंडकाभोवती बुद्धांच्या आठ मूर्ती. हे करंडक आज एशियाटिककडेच आहेत. वक्त्यांनी सांगितलं की भगवानलालांनी याचा सगळा वृत्तांत सोसायटीच्याच नियतकालिकाच्या पंधराव्या खंडात लिहिला. हे जुने खंड स्कॅन होऊन इंटरनेटवर आले आहेत. त्याच रात्री मी तो लेख उघडला. इंग्रजी जुनं आहे, पण सरळ आहे. प्रत्येक वस्तूचं माप आहे, करंडकांची चित्रं आहेत. व्याख्यानात ज्याला दोन मिनिटं मिळाली, त्याच्यावर आम्ही सासरा-सून पुढचे कितीतरी दिवस होतो. मी वाचायची, मराठीत सांगायची, अण्णा विचारायचे.

माझ्या दृष्टीने या सगळ्या उपक्रमाचा जीव इथे आहे. नुसती व्याख्यानं आता कुठेही मिळतात. कोणीही उठतो, कॅमेऱ्यासमोर बसतो आणि इतिहास सांगतो. तो खरं सांगतोय की नाही हे बघायचं कुठे? ग्रंथालयाने भरवलेल्या व्याख्यानात वक्ता ज्या पुस्तकाचं नाव घेतो, ते पुस्तक त्याच घरात कपाटात असतं, आणि आता पुष्कळदा पडद्यावरही असतं. ऐकलं ते पडताळून बघता येतं. माझ्यासारख्या, कॉलेज सोडून पंचवीस वर्षं झालेल्या बाईला हे फार मोठं आहे. मला कोणी प्रवेशपत्र मागत नाही, शिफारस मागत नाही.

एशियाटिकने दुर्मीळ पुस्तकांसाठी ‘ग्रंथसंजीवनी’ ही वेबसाइट उभी केली आहे. जुनी पुस्तकं, नियतकालिकं, हस्तलिखितं यांची पानं तिथे पाहता येतात. तिच्याबद्दल मला जे वाटतं ते चिपळूणकराला लगेच कळेल. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी गावात शिरली तेव्हा आमच्या तळमजल्यावरची कपाटं दोन दिवस पाण्यात होती. अण्णांच्या पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटून विटेसारखी झाली. आमचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं. त्यात २००५ सालीही पाणी शिरलं आणि २०२१ सालीही. दोन्ही वेळा माणसांनी चिखल काढला, पुस्तकं गोळा केली आणि वाचनालय पुन्हा उभं केलं. पण जे पुस्तक पुन्हा छापलंच गेलं नाही, ते कुठून आणणार? कोणी स्कॅनिंगच्या खर्चाबद्दल नाकं मुरडली की मला तो चिखल आठवतो. एशियाटिकची पुस्तक दत्तक घेण्याची योजना आहे, पुस्तकाच्या जतनासाठी आपण पैसे द्यायचे. आमच्या घरात खर्चाला हात आखडता असतो, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. तरी या कामाला दिलेला पैसा मी खर्चात धरत नाही.

महामहोपाध्याय पां. वा. काणे इथलेच, त्यांचा जन्म १८८० साली चिपळूणजवळच्या पेढे-परशुरामचा. धर्मशास्त्राचा इतिहास त्यांनी लिहिला, पाच खंड, साडेसहा हजारांच्या वर पानं, १९३० ते १९६२ एवढ्या वर्षांचं काम. १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळालं. एशियाटिकशी त्यांचं नातं इतकं जवळचं की सोसायटीच्या संशोधन संस्थेला त्यांचंच नाव आहे. दुर्गाबाई भागवतही तिथे वर्षानुवर्षं वाचत बसल्या. काण्यांना त्या कपाटांपर्यंत पोचायला मुंबईत राहावं लागलं, वकिली करून पोट भरावं लागलं आणि उरलेल्या वेळात वाचावं लागलं. आज पेढे गावच्या मुलाला त्यातलं काही तरी घरबसल्या मिळतं. हे मी आमच्या वाडीतल्या दहावी-बारावीच्या पोरांना कानीकपाळी ओरडून सांगते.

आता आवाज. मी फक्त एशियाटिकचीच व्याख्यानं ऐकत नाही. पुण्या-मुंबईच्या आणि इतर गावांच्या बऱ्याच संस्थांची ऐकते आणि नावं घेणार नाही, कारण हा दोष एका कोणाचा नाही. दोष असा : व्याख्यान संपतं, अध्यक्ष म्हणतात, “कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा.” मग शांतता. मधूनच लांबून काही तरी पुटपुटल्यासारखं येतं. मग वक्त्याचा आवाज खणखणीत : “हो, बरोबर आहे तुमचं, पण ते फक्त कोकणापुरतं.” काय बरोबर? काय कोकणापुरतं? प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात माइक नसतो. पुढची दहा-पंधरा मिनिटं आम्ही नुसती उत्तरं ऐकतो. एकदा उत्तर होतं, “दाभोळचंच आहे ते.” दाभोळ आमच्या खाडीच्या मुखावर. दाभोळचं काय, हे आजतागायत कळलेलं नाही. अण्णा त्या दिवशी जेवताना गप्प होते.

प्रश्नोत्तरं हा व्याख्यानाचा शेपटाचा भाग नव्हे. वक्ता जे घरून लिहून आणतो ते पुस्तकातही सापडेल. समोरचा कोणी तरी उभा राहून “आमच्या गावात हे असं म्हणत नाहीत” असं सांगतो आणि वक्ता थांबून विचार करतो, ते कुठल्याच पुस्तकात नसतं. ग्रंथालयाने माणसं जमवायची ती त्यासाठीच. आणि तोच भाग पडद्याच्या अलीकडच्या माणसाला मिळत नाही.

असं का होतं ते मला डिसेंबरात कळलं. एका ऑर्डरच्या निमित्ताने मुंबईला गेले आणि अशाच एका संस्थेच्या व्याख्यानाला जाऊन बसले. सभागृहात माइकशिवाय विचारलेला प्रत्येक प्रश्न मला स्वच्छ ऐकू येत होता. मागच्या रांगेतला माणूस बोलला तरी सगळ्यांनी मान वळवली, सगळ्यांना कळलं. म्हणजे आयोजकांना ही अडचण जाणवतच नाही. ते सभागृहात असतात, त्यांच्या कानांना काही कमी पडत नाही. ज्याला कमी पडतं तो चिपळुणात बसलेला असतो. मी नंतर त्यांना पत्र लिहिलं. दुसरा माइक घ्या असं म्हटलंच नाही, त्याला पैसे लागतात. एवढंच लिहिलं की अध्यक्षांनी प्रत्येक प्रश्न आपल्या माइकवर एकदा पुन्हा म्हणावा, मग उत्तर होऊ द्यावं. दमडीचा खर्च नाही. ‘सूचनेची नोंद घेतली आहे’ असं उत्तर आलं. पुढच्या व्याख्यानात पहिले काही प्रश्न खरंच पुन्हा म्हटले गेले, मग चर्चा रंगली आणि विसरले. तरी ते काही प्रश्न आम्हाला मिळाले. मी पुन्हा लिहिलं आहे.

त्याच फेरीत टाउन हॉल पाहिला. आधी माझं मत असं होतं की रेकॉर्डिंग आणि स्कॅन असताना तिकडे जाण्यात पैसे घालवू नयेत. चिपळुणातून जायचं तर आगगाडीतच सहा-एक तास जातात, व्याख्यान संध्याकाळचं, म्हणजे रात्रीचा मुक्काम आला. मुंबईत घर असलेले नातेवाईक प्रत्येकाला नसतात. खर्चाचं गणित अजूनही तेच आहे. पण एकदा जाऊन या, असं आता मी म्हणेन. सीएसएमटीला उतरलात तर चालत जा, टॅक्सी लागत नाही. आत नाना शंकरशेठांचा पुतळा आहे, गोल वळत वर जाणारे लोखंडी जिने आहेत, आणि टेबलांशी बसून माणसं वाचत असतात. १८९२ साली काशिनाथ त्र्यंबक तेलंग या संस्थेचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. गोऱ्या साहेबांनी स्वतःसाठी सुरू केलेल्या सभेला तिथवर यायला अठ्ठ्याऐंशी वर्षं लागली. त्या खोल्यांत उभं राहिलं की ही वर्षं नुसती वाचल्यापेक्षा जास्त कळतात.

अण्णांना नेता आलं नाही. गुडघ्यांना तीस पायऱ्या जमल्या नसत्या आणि प्रवासही झेपला नसता. त्यांच्यासाठी ऑनलाइन हेच ग्रंथालय आहे. वय झालेली, अंथरुणाला खिळलेली, लहान मूल असलेली, रोजंदारी चुकवता न येणारी किती तरी माणसं आहेत. ऑनलाइन व्याख्यानं २०२० च्या टाळेबंदीत नाइलाज म्हणून सर्वत्र सुरू झाली. मग सभागृहं उघडली आणि बऱ्याच ठिकाणी, संस्थांची नावं पुन्हा घेत नाही, कॅमेरा बंद झाला. ‘आता लोक प्रत्यक्ष येतात’ असं कारण दिलं जातं. जे येऊ शकतात ते येतात. कॅमेरा बंद करण्याआधी आलेल्यांबरोबर न येऊ शकणाऱ्यांचीही मोजणी व्हावी.

वापरणाऱ्यांना काही गोष्टी सांगते. व्याख्यान मोबाइलच्या डेटावर ऐकायचं असेल तर चित्राचा दर्जा सगळ्यात खाली ठेवा, आवाज तसाच येतो आणि डेटा निम्म्याहून कमी जातो. जुनी पुस्तकं मात्र मोठ्या पडद्यावर उघडा, मोबाइलवर डोळे जातात. जुन्या मराठी ग्रंथांचं नाव शोधताना वेगवेगळ्या लेखनाने टाकून बघा, ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार तेव्हाचे निराळे. रोमन लिपीत टाकूनही बघा. आणि वही ठेवा. वक्त्याने घेतलेली नावं दुसऱ्या दिवशी आठवत नाहीत.

अण्णांनी पुढच्यासाठी शूर्पारकाच्या, म्हणजे प्राचीन सोपाऱ्याच्या, बंदराचा विषय धरला आहे. नियतकालिकाच्या जुन्या खंडांच्या अनुक्रमणिका मी उघडून ठेवल्या आहेत, आणि दाभोळबद्दल विचारायला त्या वक्त्यांचा पत्ता मिळतो का ते बघते आहे.